फुरसतीचा रविवार

आपल्या कोणत्याही वस्तीत जाऊन सहज विचारावे, घरची सगळी माणसे मिळून बाहेर शेवटी कधी गेली होती? उत्तरे ठरलेली असतात. पुतणीच्या लग्नाला गेलो होतो. मामाच्या मयतीला गेलो होतो. सासूबाईंना घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो होतो. आणि दरवर्षी दीक्षाभूमीला तर जातोच. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, कोठेही विचारा, थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळते. काही काम नसताना, कोणाचे बोलावणे नसताना, नुसते बघायला आणि बसायला आम्ही सगळे घराबाहेर पडलो होतो, असे सांगणारे घर शोधावे लागते.

दीक्षाभूमीचे जाणे आम्ही या हिशेबात धरत नाही. ते आपल्या जन्माचे ठिकाण आहे. तेथे माणूस नतमस्तक व्हायला जातो, पुस्तके घेऊन येतो, पायाला फोड घेऊन येतो. ती सहल नव्हे. सहल म्हणजे ज्या दिवशी अंगावर कसलेही काम नाही आणि मनावर कसलेही ओझे नाही असा दिवस. हा दिवस आपल्या घरांत फार कमी येतो. हिवाळ्यात शनिवार-रविवारी सेलू-हिंगणीच्या रस्त्याने बोर धरणाकडे जाणाऱ्या मोटारी पाहाव्यात. नागपूरची मंडळी आठवडाभर नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी जंगलाजवळच्या रिसॉर्टात दोन दिवस काढून जातात. त्या मोटारी हात दाखवून रस्त्याच्या कडेला लावणारा, रिसॉर्टातल्या चादरी धुणारी, जेवणाची ताटे उचलणारा पोरगा, यांत आपली माणसे पुष्कळ आहेत. त्यांचा रविवार कोठे गेला, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

रविवारची सुट्टी ही काही आभाळातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत मजुरांना आठवड्याची सुट्टीच नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४५ साली कारखान्यातील कामगारांना पगारी रजेचा हक्क देणारी दुरुस्ती झाली आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. ज्या घरांनी हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांचे भोंगे ऐकले, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना या तासांची किंमत सांगायला नको. ही सुट्टी मिळाली ती आपल्या माणसांच्या धडपडीने. पण ती वापरायची कशी, हे मात्र आपल्याला कोणी शिकवले नाही.

आणि पुष्कळांना ती अजून मिळालेलीच नाही. वावरात निंदायला जाणाऱ्या बाईला रविवार नसतो. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या वाट्याला रविवार आला तर तो मालकिणीकडे आलेल्या पाहुण्यांची जादा भांडी घेऊन येतो. गवंड्याच्या हाताखालच्या मजुराची सुट्टी म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. अशा घराला 'जरा फिरून या' म्हणणे सोपे आहे, हे आम्हाला कळते. म्हणूनच सहलीचा विचार आधी करावा लागतो, पैसा आधी बाजूला टाकावा लागतो. तो कसा, ते खाली सांगू.

बाबासाहेबांनी फुरसतीवर लिहिले आहे, हे आपल्या फार थोड्या वाचकांना ठाऊक असेल. 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स' हे त्यांचे पुस्तक १९४५ साली निघाले. त्यात गांधीवादावर एक प्रकरण आहे. त्यातला एक मुद्दा असा की, माणूस दिवसभर पोटासाठी राबत राहिला तर त्याचे जिणे आणि जनावराचे जिणे यांत फरक राहत नाही. माणसाला मन आहे, आणि मनाची मशागत करायला फुरसत लागते. यंत्रे वाढली, थोड्या श्रमात गरजा भागू लागल्या, तरच ही फुरसत सगळ्यांच्या वाट्याला येईल. म्हणून यंत्राला शिव्या देणारा विचार गरिबाच्या उपयोगाचा नाही. चैन करणारे थोडे आणि राबणारे पुष्कळ, ही जुनी व्यवस्था त्यांना मोडायची होती. सगळ्यांना फुरसत हवी, असे ते सांगत होते.

हे डोक्यात ठेवून सेवाग्राम आश्रमात जावे, असे आम्ही सुचवतो. वर्ध्यापासून अवघे आठ किलोमीटर. आपल्या बहुतेक घरांना सेवाग्राम म्हणजे दवाखाना एवढेच माहीत असते. रांगेत उभे राहणे, चिठ्ठी फाडणे, तपासणीचे कागद गोळा करणे यात दिवस जातो आणि संध्याकाळी एस.टी. पकडून घरी. रस्त्याच्या पलीकडचा आश्रम पाहायला कोणाला सुचत नाही. एकदा मुद्दाम जावे. आदी निवास, बापू कुटी, मोठाली झाडे, सारवलेले अंगण. मुलांना धावायला जागा आहे, म्हाताऱ्यांना बसायला सावली आहे.

तेथे गेल्यावर मुलांना दोन गोष्टी सांगाव्यात. एक अशी की गांधीजी येथे राहायला आले ते १९३६ च्या एप्रिल अखेरीस, आणि लगेच मे महिन्याच्या सुरुवातीस शेठ वालचंद हिराचंद यांच्यासोबत बाबासाहेब त्यांना भेटायला आले होते. गावाचे नाव तेव्हा सेगाव होते, सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये पडले. येवल्याच्या घोषणेला तेव्हा सात महिनेसुद्धा झाले नव्हते. म्हणजे ज्या वाटेने आपण फिरायला जातो, त्या वाटेने बाबासाहेब एका अवघड भेटीला आलेले आहेत. दुसरी गोष्ट त्या कुडाच्या भिंतींची. मोठमोठे लोक त्या साधेपणाकडे हात जोडून पाहतात. ज्यांना पाहायचे त्यांनी पाहावे, आमचे काही म्हणणे नाही. परंतु आमच्या आज्यांनी कुडाची झोपडी हौसेने बांधलेली नव्हती. त्यांना दुसरे काही बांधू दिलेले नव्हते. चरखा पाहून मुलाने विचारले तर त्याला सांगावे की बाबासाहेबांचा विश्वास यंत्रावर होता, आणि का होता तेही सांगावे. आश्रमाच्या सावलीत बसून असा वाद घरच्या घरी घालता येतो, यातच सहलीची अर्धी मजा आहे.

आणखी एक गंमत. संध्याकाळपर्यंत थांबलात तर आश्रमाची सर्वधर्म प्रार्थना ऐकायला मिळेल. तिच्यात जपानी बौद्धांचा मंत्र आहे, 'नम्यो हो रेंगे क्यो'. निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्खू १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटायला आले, त्यांच्या मंडळींकडून तो मंत्र या प्रार्थनेत आला आणि राहिला. तथागताच्या पावलांचे ठसे कोठे कोठे निघतात पाहा.

याच फुजी गुरुजींच्या पंथाने वर्ध्यात विश्वशांती स्तूप उभारला आहे. गीताई मंदिराच्या शेजारी मोकळ्या मैदानात पांढराशुभ्र स्तूप आणि चार दिशांना चार सोनेरी बुद्धमूर्ती. आमच्या मते वर्धा जिल्ह्यात आपल्या कुटुंबाने रविवारची सकाळ घालवावी तर येथे. उन्हे चढण्यापूर्वी जावे. हातपाय धुऊन त्रिसरण-पंचशील घ्यावे, एक प्रदक्षिणा घालावी, मग मुलांना मोकळे सोडावे. चारही मूर्तींच्या मुद्रा पाहून कोणती कशाची, हे मुलांकडून ओळखून घ्यावे. ज्या घरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आहे त्यांनी तो बरोबर न्यावा आणि सावलीत बसून दोन पाने मोठ्याने वाचावी. घरात वाचायला बसले की टी.व्ही. असतो, शेजारीण असते, कुकरची शिट्टी असते. तेथे यांपैकी काही नाही.

शेजारचे गीताई मंदिर १९८० सालचे. मंदिर म्हणतात खरे, पण त्याला छप्पर नाही आणि आत मूर्ती नाही. विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय दगडी शिळांवर कोरून त्या उभ्या केल्या आहेत. आपल्याला त्या ग्रंथाशी कर्तव्य नाही, पण दगडावर अक्षर कसे कोरतात हे पाहायला हरकत नाही. अशोकाने आधी हेच केले होते, हे मुलांना सांगायला विसरू नये! वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली जमनालाल बजाजांनी अस्पृश्यांना खुले केले, त्याचा त्या काळी मोठा गाजावाजा झाला होता. आज आपल्याला त्या दाराशी काम उरले नाही. बाबासाहेबांनी आपल्याला दुसऱ्याच दाराने बाहेर काढले.

पवनार वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर आठ-दहा किलोमीटरवर लागते. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. जमीन खणताना सापडलेली जुनी शिल्पे तेथे जपून ठेवली आहेत. आमच्या भगिनींना येथे एक वेगळी गोष्ट पाहण्यासारखी आहे. १९५९ पासून येथे ब्रह्मविद्या मंदिर चालते, ते बायकांचे आहे. स्वयंपाक, शेती, सफाई, हिशेब, सगळे त्याच मिळून ठरवतात आणि करतात. त्यांचा मार्ग आपला नव्हे, पण बायकांनी आपला कारभार आपण चालवलेला पाहून यावे. नदीत मात्र कोणी उतरू नये. पात्र खडकाळ आहे, पाण्याचा अंदाज येत नाही, आणि पोहता येते म्हणणारी पोरेच आधी बुडतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सहलीला निघायचे म्हटले की घरातली बाई पहाटे चारला उठते. पंचवीस पोळ्या, कोरडी भाजी, मिरचीचा ठेचा, लहान्यासाठी दूधभात. डबे बांधून, पोरांना आंघोळी घालून, नवऱ्याचा सदरा शोधून देऊन ती एस.टी.त बसते तेव्हा तिचे अर्धे काम झालेले असते. ठिकाणी पोचल्यावर पंगत मांडायची, वाढायचे, खरकटे गोळा करायचे, आणि रात्री घरी आल्यावर तेच डबे घासायचे. बाकी सगळे म्हणतात, छान झाली सहल. तिला विचारले तर तीही छानच म्हणते. बाबासाहेब ज्या फुरसतीविषयी लिहीत होते, त्यातली या बाईच्या वाट्याला किती आली? ज्या सहलीत घरातील एका माणसाला दुप्पट काम पडते, तिला आम्ही सहल म्हणायला तयार नाही.

यावर वऱ्हाड-विदर्भात एक जुना उपाय आहे, आणि तो म्हणजे रोडगे. मार्गशीर्ष-पौषात नवी वांगी आली की वावरावावरांतून रोडग्यांच्या पंगती बसतात. आमच्या पाहण्यात रोडगे बहुधा पुरुषच करतात. ज्याला घरी पाण्याचा गिलास हाताने घेता येत नाही, तो वावरात गोवऱ्यांच्या हारीपुढे घाम गाळत बसलेला आम्ही पाहिला आहे! पुष्कळ ठिकाणी या पंगती मारुतीच्या नाहीतर आणखी कोणाच्या नवसाच्या असतात. आपण नवस सोडावा आणि रोडगे ठेवावेत.

कृती अगदी सोपी आहे. गव्हाचे पीठ जरा जाडसर दळून आणावे. त्यात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवावे. लहान लहान पुऱ्या लाटून, मध्ये तेल लावून तीन-चार एकीवर एक ठेवाव्यात आणि मोठ्या पुरीत बांधून गोळा करावा. गोवऱ्या पेटवून त्यांचा लाल विस्तव झाला की त्यावर गोळे मांडावेत, फिरवत राहावे, वरून डाग पडले की गरम राखेत पुरून ठेवावेत. आत शिजायला वेळ लागतो, घाई केली की पोटात कच्चे राहतात. काढल्यावर फडक्याने राख झटकावी, फोडावे, ऐपतीप्रमाणे तूप नाहीतर तेल घालावे. बाजूला चुलीवर एका गंजात वांग्याची रस्सेदार भाजी आणि दुसऱ्यात तुरीचे वरण. वरून सांभार. एवढ्यात तीस माणसे पोटभर जेवतात. बायांनी त्या दिवशी धुऱ्यावरच्या बोरीखाली बसावे, गप्पा माराव्यात, हवे तर झोपावे. वांगी चिरायलासुद्धा त्यांना हाक मारू नये. गंज घासायचे काम तरुण पोरांकडे द्यावे, राख तेथेच असते.

विस्तव पेटवायचा तो ओळखीच्या माणसाच्या वावरात, त्याला विचारून. जंगलाच्या हद्दीत चूल अजिबात पेटवायची नाही. बोरचे जंगल १९७० पासून अभयारण्य आहे, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तेथे काडी ओढणे हा गुन्हा आहे. बोर धरणाचे पाणी पाहावे आणि परत फिरावे. वाघ पाहण्याची हौस असेल तर सहा जण मिळून एक जिप्सी करावी लागते, पैसे बरेच पडतात, आणि वाघ दिसेलच असे नाही. बारावीत चांगले गुण मिळवलेल्या पोराला एकदा जरूर न्यावे. दर वर्षी नेण्याची ही गोष्ट नव्हे.

दारूविषयी थोडक्यात लिहितो. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. तरीही सहल म्हटली की चार पुरुष झाडामागे का जातात, हे सगळ्या बायांना कळते. पंचशीलातले पाचवे शील घरी भिंतीवर टांगून सहलीला निघायचे नसते. ज्या सहलीत बाटली आहे त्या सहलीला बायांनी सरळ नकार द्यावा, आणि मुलांनाही पाठवू नये.

गिरडच्या टेकडीवर शेख फरीदांचा दर्गा आहे. समुद्रपूर तालुक्यातील हे ठिकाण मोठे रम्य, सर्व जातिधर्मांचे लोक तेथे जातात. आपणही जावे, टेकडीवरून चौफेर पाहावे. तेथे सुपारी-जायफळासारखे दिसणारे दगड सापडतात आणि बाबांच्या शापाने व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाले अशी कथा सांगतात. ते झिओलाइट नावाच्या खनिजाचे गोळे आहेत, लाव्हारसाच्या खडकात तयार होतात. गोष्ट ऐकावी, दगड पाहावा आणि मुलांना खनिज म्हणजे काय ते सांगावे. मात्र कंदोरी आणि नवस आपल्यासाठी नाहीत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला पाहायला सगळी जागा मोकळी आहे, मागायला कोठेच जायचे नाही.

येथे आम्हाला बाबासाहेबांची एक सहल आठवते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत ती आहे. १९३४ साली चळवळीतील सहकाऱ्यांनी आग्रह धरला की आपण सगळे मिळून कोठेतरी पाहायला जाऊ. वेरूळची बौद्ध लेणी पाहण्याचे ठरले. तीसेक माणसे नाशिकहून बस आणि मोटारी करून निघाली. सहलीची वाच्यता मुद्दाम केली नव्हती, कारण अस्पृश्य प्रवाशाला वाटेत काय सोसावे लागते हे त्यांना माहीत होते. दौलताबादला किल्ला पाहायला थांबले. तेथे आपले लोक चहा-फराळ घेऊन उभे होते, पण अंधारापूर्वी किल्ला पाहायचा म्हणून चहादेखील मागे ठेवला. किल्ल्याच्या दाराजवळ पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीने अंग माखलेले, म्हणून सर्वांनी हातपाय-तोंड धुतले. एवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली, स्थानिक अस्पृश्यांनाही दमदाटी झाली. आम्ही मुसलमान झालो असतो तर आम्हाला अडवले असते काय, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा जमाव जरा निवळला. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कोठे पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर एक हत्यारी शिपाई दिला. हिंदूंना जो अस्पृश्य तो इतरांनाही अस्पृश्य, असा निष्कर्ष त्यांनी लिहून ठेवला आहे.

विलायतेतून दोन डॉक्टरेट घेऊन आलेला माणूस सहलीला निघतो आणि त्याच्यामागे पाण्याच्या राखणीला शिपाई चालतो! आपल्या पोरांनी कपाळावर गॉगल चढवून मोबाईलवर फोटो काढले की वडील मंडळी नाके मुरडतात. आम्ही मुरडत नाही. चांगले कपडे घालून, मान वर करून, चारचौघांच्या जागी मोकळेपणाने हिंडणे ही आपल्या घरात दोन-तीन पिढ्यांपूर्वी न जमणारी गोष्ट होती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा टाकायला सांगितली, कारण त्या तऱ्हेवरून जात ओळखू येत होती. तेव्हा मुलीने सहलीला नवा ड्रेस घातला तर घालू द्यावा. तो व्याजाच्या पैशांतून आणलेला नसावा, एवढेच.

जात विचारण्याची तऱ्हाही आता बदलली आहे. खोली भाड्याने घ्यायला गेले की नोंदवहीपुढे 'आडनाव काय म्हणालात?' असे दोनदा विचारले जाते, आणि मग खोल्या भरलेल्या असतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला असेच रात्री आठ वाजता सामानासह परत फिरावे लागले. अशा वेळी तोंड पाडून घरी येऊ नये. आडनाव आहे तेच ठणकावून सांगावे, खोली का नाही ते लेखी मागावे, आणि बरोबर चार जाणती माणसे असावीत. एकट्यादुकट्या कुटुंबाला हे जड जाते. म्हणूनच पहिली सहल वस्तीची मिळून काढावी, असे आमचे मत आहे.

ती अशी निघते. महिला मंडळाच्या भिशीत दर महिन्याला घरटी थोडी रक्कम सहलीच्या नावाने वेगळी टाकावी. विहाराच्या समितीने हिशेबाची वही ठेवावी. ज्या घरी कमावते माणूस नाही, त्या घराचा वाटा इतरांनी उचलावा आणि त्याची चर्चा करू नये. एस.टी.त मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तर वर्षांवरील म्हाताऱ्यांना २०२२ पासून तिकीटच नाही, त्यासाठी आधार कार्ड बरोबर ठेवावे. म्हणजे आईला आणि आजीला मागे ठेवायला आता पैशांची सबब राहिली नाही. नागपूरहून येणाऱ्यांनी सकाळची गाडी धरली तर स्तूप, सेवाग्राम आणि पवनार एका दिवसात आटोपते. थर्माकोलच्या पत्रावळ्या नेऊ नयेत, २०१८ पासून राज्यात त्यांना बंदी आहे. घरची ताटे न्यावी, आणि ज्याने त्याने आपले ताट धुवावे.

एकदा ही सवय लागली की मग जिल्ह्याबाहेर पडायला हरकत नाही. आमची शिफारस भद्रावतीची. चंद्रपूर जिल्ह्यातील हे गाव वर्धा-बल्लारशा रेल्वेमार्गावर आहे, स्टेशनचे नाव भांदक. वर्ध्याहून हिंगणघाट, वरोरा करीत गाडी तेथे पोचते. गावाजवळच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणे आहे. दाराशी उभे राहिले की समोर डोंगराच्या पोटात सरळ शिरलेला लांब बोगदा दिसतो आणि त्याच्या टोकाला बसलेली तथागताची मोठी मूर्ती. मध्येच डावी-उजवीकडे तसेच दोन फाटे फुटतात, त्यांच्याही टोकाला मूर्ती आहेत. वेरूळ-अजिंठ्याचे कोरीव काम येथे नाही. पण बाहेरच्या उन्हातून आत शिरले की थंडगार अंधार अंगावर येतो, पोरांची बडबड आपोआप थांबते, आणि कोणीतरी हळूच 'बुद्धं सरणं' सुरू करते. अजिंठ्याला जायला दोन दिवस आणि खिशात बरेच पैसे लागतात. येथे सकाळी निघून रात्री घरी येता येते.

आत उजेड बेताचाच असतो, म्हणून घरात चांगली बॅटरी असेल तर ती न्यावी. वटवाघळांचा वास येतो, त्याला कंटाळू नये. भिंतींवर नावे कोरणाऱ्या पोरांचे कान तेथल्या तेथे पिळावेत. येत्या पौषात कोणत्या वस्तीने रोडगे केले, कोणी कणीक भिजवली आणि कोणाचे रोडगे आत कच्चे राहिले, ते आम्हाला जरूर कळवा. पुरुषांची नावे आम्ही छापू.

जयभीम.